जानेवारीतला हात

दिवाळीनंतर माळवस्ती रिकामी झाली की बिभीषण वकील रोज सकाळी तिथली कुलपं ओढून पाहत.

अंगात काळा कोट, बगलेत फायलींची पिशवी, डाव्या हातात डबा. उजव्या हातानं एकेका दाराचं कुलूप धरायचं आणि खाली एक हिसका द्यायचा. कुलूप लागलेलं असायचंच. ते कडीवर आपटून खट् असा आवाज व्हायचा, आणि वकील पुढच्या दाराशी जायचे. वीस-बावीस घरं होती, बरीचशी पत्र्याची, काही विटांची. माणसं उसाच्या तोडीला गेलेली, कुणी सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. एसटीचा थांबा वस्तीच्या पलीकडे, म्हणून रस्ता तिथूनच जायचा. पण थांबा अलीकडे असता तरी ते वळसा घालून गेले असते, हे त्यांच्या बायकोला, सविताबाईंना ठाऊक होतं.

वकिलांचे वडीलही हेच करायचे. ते काही पाटील नव्हते की कोतवाल नव्हते. कुणी नेमलं नव्हतं. गावात तशी रीत होती, की पोटासाठी बाहेर गेलेल्याच्या बंद दाराला हात लावायचा नाही. दाराला नाही, अंगणातल्या सरपणाला नाही, त्याच्या कुठल्याच विषयाला नाही. बांधाची कुरबुर असो, पाण्याची पाळी असो, माणूस परत येईपर्यंत ती तशीच पडून राहायची. ग्रामसभा सुरू झाल्या तेव्हा ही रीत त्यांनाही चिकटली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की ग्रामसभा घ्यावीच लागते, तो कायदा आहे. ती व्हायची. ग्रामसेवक विषय वाचायचा, माणसं हात वर करायची, पोरं बुंदी खायची. पण जानेवारीत मंजूर झालेलं काहीही मे महिन्यापर्यंत जागचं हलत नसे. एक मेच्या सभेला टोळ्या परतलेल्या असत. तेव्हा तोच विषय पुन्हा निघे, आणि खरी भांडणं तेव्हा होत. जानेवारीतला हात म्हणजे नुसता वर केलेला हात. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मिरजगावच्या रस्त्यावरच्या त्या गावात वाढलेल्या पोराला ते आपोआप कळायचं.

बिभीषण वकिलांना मात्र ते आधी कळलं नव्हतं. ते त्यांना एका पुस्तकानं दाखवलं.

पुण्याला वकिली शिकत असताना त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते उचललं होतं. निळ्या कापडी बांधणीचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ, परदेशातल्या कुणा प्राध्यापकानं आयुष्यभर खपून लिहिलेला. कण्यावरचं नाव तेव्हाच झिजून गेलं होतं. देश चालतो तो लिहिलेल्या घटनेवर जितका, तितकाच न लिहिलेल्या नियमांवर, असं त्यात म्हटलं होतं. हरलेला पंतप्रधान खुर्ची सोडतो, राजा सही नाकारत नाही, न्यायाधीश आपल्या नातलगाचा खटला ऐकत नाही. हे सगळं मोडता येतं, तरी मोडलं जात नाही. का? तर मोडणाऱ्याला लाज वाटते, चारचौघांत कारण सांगावं लागतं. ज्या दिवशी त्याला कारणसुद्धा सांगावंसं वाटत नाही, त्या दिवशी तो नियम मेला असं समजावं. मोठमोठ्या कोर्टांच्या निकालांत या ग्रंथातले उतारे येत. पेपरात तसं काही आलं की वकील ते कापून पुस्तकात ठेवत.

हे वाचताना त्यांना माळवस्तीची कुलपं आठवली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सविताबाईंना ते सांगितलं होतं. बाहेर ओट्यावर बसून, पेन्सिलीनं ओळ दाखवत. सविताबाईंचं माहेर श्रीगोंद्याकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. त्यांच्या शिवारात टोळ्या यायच्या, पाचटाच्या खोपी घालायच्या आणि हंगाम संपला की निघून जायच्या. ही माणसं कुठून येतात आणि मागं काय ठेवून येतात हे त्यांना सासरी आल्यावर दिसलं. मागं कुलपं ठेवून येतात. किल्ली मात्र कुणाकडे देत नसत. एकाकडे दिली म्हणजे बाकीच्यांवर विश्वास नाही असं झालं असतं. किल्ली बाईच्या पदराला बांधलेली असायची आणि पदरासोबत तोडीवर फिरून परत यायची.

वकिली फार चालली नाही. बांध, वाटण्या, पोटगी. तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश बदलत राहिले. वकील निळं पुस्तक काढू लागले की जुने बेलीफ हसू दाबत. घरात पंखा होता, गाय होती, पुस्तक होतं. मूल नव्हतं. म्हणून असेल, ओट्यावर गावातली पोरं जमवून ते रविवारी त्यांना नियमांच्या गोष्टी सांगत. त्यातला एक पोरगा फार मन लावून ऐकायचा. त्याचं नाव कल्याण.

कल्याण पुढे नगरला वकिलीची दोन वर्षं शिकला आणि सोडून आला. रस्त्यांची कामं घेऊ लागला, गाडी घेतली, सरपंच झाला. पण वकिलांच्या घरावरून जाताना काच खाली करून हात जोडायचा, दिवाळीला येऊन पाया पडायचा. “काकांनी शिकवलं म्हणून चार शब्द बोलता येतात,” असं भाषणात म्हणायचा. वकील त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे.

त्या जानेवारीत ग्रामसेवकानं विषय वाचले. गावची शाळा, गटार, स्मशानभूमीचं शेड. मग हायवेलगतच्या गायरानावरची बंद व विनावापर बांधकामं काढून तिथं गाळे बांधण्याचा विषय. हायवे रुंद झाल्यापासून माळवस्तीच्या त्या माळाकडे बघण्याची गावाची नजर बदलली होती. ‘बंद व विनावापर’ हे शब्द सविताबाईंच्या कानाला खडे लागावेत तसे लागले. त्यांनी पुढे पाहिलं. पहिल्या रांगेत खुर्चीवर वकील बसले होते. डाव्या हातात बुंदीचा द्रोण, चेहऱ्यावर जानेवारीतलं हसू, आणि उजवा हात वर. सगळ्यांचेच हात वर होते. मग त्यांनीही केला. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढत होतं.

आठवडा झाला असेल. वकील सकाळी निघाले आणि थांब्यापर्यंत न जाताच परत आले. उजवा हात रिकामा होता, पण बोटं खळीनं चिकट झाली होती.

“कुलपांवर नोटिसा चिकटवल्यात,” ते म्हणाले. “दारावर नाही. कुलपांवर.”

त्या दिवशी ते कोर्टात गेले नाहीत, ग्रामपंचायतीत गेले. कल्याणनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. काका, जानेवारीचा ठराव आहे, हे तुम्हाला मी सांगायचं का, असं म्हणून तो हसला. वरून कागद आला की खालून कागद दाखवावा लागतो, तेवढंच. वकील घरी येताना रस्त्याला हलके होऊन चालत होते.

सविताबाई एकट्याच वस्तीवर जाऊन आल्या. नोटीस त्यांनी उभ्या उभ्या वाचली. खाली लिहिलं होतं, हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी.

“हरकत देऊन टाका,” त्या म्हणाल्या. “दोन ओळी लिहायच्यात. तुम्हाला काय अवघड हाय?”

“अवघड नाही. चूक आहे.” वकिलांनी चष्मा पुसला. “हरकत दिली म्हणजे जानेवारीत ठराव होऊ शकतो हे मी कबूल केलं. आजवर या गावात जानेवारीच्या ठरावाला कुणी हरकत दिली नाही. का दिली नाही? कारण तो ठरावच नसतो. मीच जर लेखी दिलं, तर नियम मीच मोडला.”

“आणि त्यांनी घरं मोडली तर?”

“कल्याण?” वकील म्हणाले. पुढे काही बोलायची गरज त्यांना वाटली नाही.

तरी त्यांनी एक फोन केला. माळवस्तीच्या टोळीत झुंबरबाईचा शब्द चालायचा. नवरा गेल्यावर तिनं दिराच्या, छगनच्या जोडीनं कोयता धरला होता, आणि हंगामामागून हंगाम विटा आणून दोन खोल्या बांधल्या होत्या. पहिल्या वर्षी भिंती, मग पत्रा, मग दार. दरवर्षी ट्रॅक्टर सुटायच्या आधी ती वकिलांच्या ओट्यासमोर येऊन “निगालो” एवढंच म्हणायची.

फोनमध्ये ट्रॅक्टरचा आवाज होता, कुणीतरी बैलाला शिव्या देत होतं. वकिलांनी स्पीकर लावला होता. त्यांनी नोटिशीचं सांगितलं, आणि जानेवारीचंही सांगितलं. झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“यावं का सायेब आमी? मुकादम बोंबलंल. पर यिऊ. बाया-मानसं घरात बसली तर कोन मोडतंय?”

“नको. टोळी मोडू नका. तुम्ही तुमचं काम करा,” वकील म्हणाले. “मी आहे.”

“तुमी हाय म्हनल्यावं मग काय,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर सविताबाई उठल्या. चुलीपुढे जाऊन बसल्या. तिचा तो शेवटचा शब्द त्यांना भाकरी थापताना ऐकू येत राहिला.

त्यानंतर चार दिवसांनी कल्याण घरी आला. एकटाच, गाडी लांब लावून. ओट्यावर मांडी घालून बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, काका, मला ते निळं पुस्तक वाचायला हवंय. सरपंच झाल्यापासून वाटतं, तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

सविताबाईंनी वकिलांना इतकं आनंदात क्वचित पाहिलं होतं. ते स्वतः आत गेले, पुस्तक पुसलं, आतली कात्रणं नीट लावली. कुठल्या प्रकरणापासून सुरुवात करायची ते सांगितलं. पेन्सिलीच्या खुणा बघ, म्हणाले, जिथं दोन रेघा आहेत ते महत्त्वाचं. कल्याणनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं.

तो गेल्यावर वकील म्हणाले, “बघ. ज्याला मोडायचं असतं तो वाचायला नेत नाही.”

हरकतीची मुदत गेली. महाशिवरात्रीच्या सुमारास वस्तीवर चुन्याच्या रेघा पडल्या. कुलपं ओढता ओढता वकिलांनी त्या पाहिल्या. ते पुन्हा ग्रामपंचायतीत गेले तेव्हा कल्याण नगरला गेलेला होता. दुसऱ्या दिवशीही नगरलाच गेलेला होता. तिसऱ्या दिवशी त्याची गाडी दारात उभी होती आणि शिपाई म्हणाला, साहेब नगरला गेलेत.

मग वकिलांनी दावा दाखल केला. मनाई हुकूम मागितला. सुनावणीला सविताबाई हट्टानं सोबत गेल्या. कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसल्या. ग्रामपंचायतीनं नगरहून वकील आणला होता, गोरा, तिशीतला, बोलताना बोटं जुळवणारा. त्याच्या टेबलावर निळं पुस्तक होतं.

वकिलांना ते दिसलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी उजळला. हे सविताबाई पुढे कितीतरी दिवस विसरू शकल्या नाहीत. स्वतःचं पुस्तक समोरच्या टेबलावर पाहून त्यांना वाटलं, आता दोघांचं एकमत होणार.

त्यांनी बाजू मांडली. वडिलांपासूनची रीत सांगितली, बंद दाराचं सांगितलं, मे महिन्याचं सांगितलं. न्यायाधीशबाई तरुण होत्या आणि त्यांनी मधे अडवलं नाही. मग नगरचा वकील उठला. म्हणाला, माझ्या ज्येष्ठ मित्रांना ज्या ग्रंथाचा आधार वाटतो, त्याच ग्रंथातून मी दोन उतारे वाचतो. त्यांच्याच प्रतीतून वाचतो, खुणाही त्यांच्याच आहेत.

पहिला उतारा असा होता, की न लिहिलेला नियम कोर्टानं ओळखावा, पण त्याची अंमलबजावणी करणं हे कोर्टाचं काम नाही. त्याची शिक्षा समाजात होते, कोर्टात नाही. दुसरा असा होता, की ज्यांनी नियम पाळायचा त्यांनीच जाणूनबुजून, उघडपणे त्याच्या विरुद्ध वागून संमती दिली, तर तो नियम उरला नाही असं समजण्यास हरकत नाही. दुसऱ्या उताऱ्याखाली दोन रेघा होत्या.

मग त्यानं फोटो दिला. मोठा करून आणलेला, रंगीत. न्यायाधीशबाईंनी तो पाहिला आणि वकिलांकडे सरकवला.

“हा हात तुमचाच आहे ना?”

“हो,” वकील म्हणाले. “पण मॅडम, तो जानेवारीतला हात आहे.”

खोलीतले सगळे हसले. बेलीफ हसला, नगरचा वकील हसला, मागं तारखेसाठी बसलेले दोन म्हातारे कशाला हसायचं ते न कळताच हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. मुदतीत हरकत का नोंदवली नाही, असं त्यांनी विचारलं. वकिलांनी ओट्यावर सांगितलं होतं तेच सांगितलं. न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून लिहायला घेतलं. अर्ज नामंजूर झाला.

होळीची राख अजून गरम होती तेव्हा जेसीबी आला. वकील कोट घालून तिथं जाऊन उभे राहिले. सविताबाईंना वाटलं होतं, गावातलं कुणीतरी सोबत येईल. माणसं आली होती, पण लांब बाभळीखाली, हाताची घडी घालून, जत्रेत कुस्ती बघतात तशी. पोलिसांना कल्याणनं हात लावू दिला नाही. तो स्वतः पुढे आला, वकिलांच्या कोपराला धरून त्यांना लिंबाच्या सावलीत घेऊन गेला. तिथं प्लॅस्टिकची खुर्ची आधीच मांडलेली होती.

“कल्याण, कारण सांग,” वकील म्हणाले. “मला नको सांगूस. या सगळ्यांना सांग. मोठ्यानं सांग.”

कल्याणनं थर्मासमधून चहा ओतला.

“चहा घ्या काका. ऊन लागंल.”

वकील त्याच्याकडे बघत राहिले. तो चिडला असता, खोटं बोलला असता, वरच्यांचं नाव घेतलं असतं, तरी चाललं असतं, हे नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायला सविताबाईंना पुस्तक लागत नव्हतं. कल्याणनं कप त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्याभोवती नीट मिटवली आणि तो जेसीबीवाल्याकडे वळला.

झुंबरबाईचं घर तिसरं गेलं. पत्रा आधी वाकला, मग भिंत बसली. दार चौकटीसकट उभंच्या उभं पुढे आलं आणि पालथं पडलं. दुपारपर्यंत माळ सपाट झाला. वकील खुर्चीवरून उठले आणि ढिगाऱ्यांतून फिरू लागले. कुलपं शोधत होते. तुटलेल्या कड्यांसकट त्यांनी ती फायलींच्या पिशवीत भरली. एकही उघडलेलं नव्हतं. बाभळीखालचं कुणीतरी म्हणालं, “वकील भंगार येचत्यात,” आणि हशा झाला. गावाला ते सगळं किती सोपं गेलं होतं, हे त्या हसण्यात कळत होतं. इतक्या पिढ्या जे कुणी केलं नव्हतं ते करून बघितलं, आणि आभाळ कोसळलं नाही.

टोळ्या आल्या त्या पाडव्यानंतर. ट्रॅक्टर माळाशी थांबला आणि बराच वेळ कुणी खाली उतरलं नाही. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, झोपलेली पोरं. झुंबरबाई उतरली. जिथं तिचं घर होतं तिथं चालत गेली, अंदाजानं नाही, अगदी उंबऱ्याच्या जागी जाऊन उभी राहिली. पदराची गाठ तिच्या मुठीत होती.

वकील पिशवी घेऊन गेले. सविताबाई मागून गेल्या. वकिलांनी एकेकाचं कुलूप एकेकाला दिलं. कुठलं कुणाचं ते त्यांना हातानं माहीत होतं. कुणी घेतलं, कुणी घेतलं नाही. छगननं हातातलं कुलूप बघितलं आणि शांतपणे म्हणाला,

“तुमी नसता तर आमी आलो असतो.”

वकिलांनी मान हलवली. हे खरं होतं.

झुंबरबाईनं गाठ सोडली. किल्ली काढली, कुलपात घातली. ते पहिल्याच फेऱ्यात उघडलं. तिनं ते पुन्हा दाबून बंद केलं, ओढून पाहिलं.

“कुलूप चांगलं हुतं, सायेब,” ती म्हणाली, आणि ते त्यांच्या पिशवीत परत टाकलं.

एक मेची ग्रामसभा झाली. वस्तीतली माणसं येऊन उभी राहिली. कल्याणनं सांगितलं, जो विषय जानेवारीत एकमतानं मंजूर झाला तो पुन्हा घेता येत नाही. एकमतानं या शब्दावर काही माना वकिलांकडे वळल्या. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची होतीच. टोळीनं मिरजगावच्या पुढे रस्त्याकडेला ताडपत्र्या मारल्या, आणि पाऊसकाळ तिथंच काढला. गाळे उभे राहिले. त्यातला एकही माळवस्तीतल्या कुणाला मिळाला नाही, आणि कुणी तसं विचारलंही नाही.

गावानं वकिलांचं नाव ठेवलं अलिखित. अलिखित वकील. किराणा दुकानात साखर घेतली की वाल्मिक दुकानदार विचारायचा, मांडून ठेवू का अलिखितच राहू द्यायचं? पोरं सायकलवरून जाताना हात वर करायची आणि ओरडायची, हा जानेवारीतला बरं का. कोर्टात त्यांचं जाणं कमी झालं, मग बंद झालं. कल्याण मात्र हात जोडायचा सोडत नव्हता. गाळ्यांच्या उद्घाटनाची पत्रिका घेऊन तो घरी आला तेव्हा निळं पुस्तकही घेऊन आला. त्याला खाकी कव्हर घातलं होतं, कोपरे सुबक दुमडलेले.

“लई उपयोग झाला काका,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच आभार मानत होता, आणि सविताबाईंना तेव्हा पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

पुन्हा दिवाळी आली. टोळ्या ताडपत्र्यांवरूनच परस्पर तोडीवर गेल्या. ओट्यासमोर येऊन कुणी निगालो म्हणालं नाही. पहिल्या सोमवारी वकील कोट न घालता सकाळी बाहेर पडले. सविताबाई पदर खोचून मागं गेल्या. गाळ्यांची शटरं अजून खाली होती. वकील त्यांच्या समोरून चालत होते, आणि जिथं जिथं पूर्वी दार असायचं तिथं त्यांचा उजवा हात थोडा पुढे होऊन मागं येत होता. एका शटरच्या कुलपाला त्यांनी हात घातला. शेजारच्या गाळ्यातून कुणीतरी शिवी देऊन विचारलं कोण आहे. ते पुढे निघाले.

त्यानंतर ते बाहेर गेले नाहीत. सविताबाईंनी पाहिलं, बाजेवर बसून त्यांनी निळं पुस्तक मांडीवर घेतलं होतं आणि हातात खोडरबर होतं. पेन्सिलीच्या रेघा पुसत होते. पहिल्या पानापासून, एकेक ओळ. कागद जुना, जोरात घासलं की फाटायचा, म्हणून हलक्या हातानं. समासात बारीक अक्षरात लिहिलेलंही पुसत होते. कुठं ‘माळवस्ती पाहा’ असं असायचं, कुठं वडिलांचं नाव. जिथं दोन रेघा होत्या तिथं वेळ लागायचा. संध्याकाळी सविताबाई बाजेखालचा काळपट चुरा झाडून काढायच्या. त्यांनी एकदा विचारलं, कशाला पुसता, कोण बघतंय आता. ते म्हणाले, कुणीतरी वाचायला नेईल की.

असं करत डिसेंबर आला. थंडी पडली, त्यांना खोकला झाला. मिरजगावच्या बाजाराच्या दिवशी सविताबाई त्यांना चहा देऊन निघाल्या. त्या आल्या तेव्हा पुस्तक बाजेवर पालथं होतं, खोडरबर खाली घरंगळून गेलं होतं, आणि वकील भिंतीला टेकून बसल्यासारखे होते. डोळे अर्धे उघडे. हात लावला तर गार. बऱ्याच पानांवरच्या रेघा राहिल्या होत्या.

माती द्यायला गाव आलं. कल्याणनं खांदा दिला आणि स्मशानात दोन शब्द बोलला, चांगले बोलला. झुंबरबाईला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तरी टोळी मोडून ती आली असती का, हा विचार सविताबाईंनी एकदाच केला आणि सोडून दिला.

लोक गेल्यावर बायका म्हणाल्या, शेवटी काय बोलले, काही बोलले का. सविताबाईंना खरं म्हणजे काही मोठं आठवत नव्हतं. त्या पिशवी घेऊन बाहेर पडत होत्या. हल्ली कुत्री आत शिरायची म्हणून त्यांनी कोनाड्यातलं कुलूप हातात घेतलं होतं. त्याचा आवाज झाला तसे ते बाजेवरून, पुस्तकातून मान वर न करता म्हणाले,

“कुलूप नको लावू. नुसती कडी घाल. मी आहे.”